फीनिक्स सन्स: बुकरभोवती नवी टीम, की सगळं मोडून पहिल्यापासून?

सातरस्ता_पॉइंटगार्ड (सोलापूर) | ३ ऑगस्ट २०२५

मंडळी, सकाळी कोर्टावर येणाऱ्यांत एनबीए बास्केटबॉलच्या सन्स टीमवरून दोन तट पडलेत. एक तट म्हणतो, ड्युरँट ह्यूस्टनला गेला, बीलला पैसे देऊन मोकळं केलं, आता मुख्य खेळाडू बुकरलाही विका, दोन-तीन वर्षं निवांत हरा आणि ओक्लाहोमासारखी पोरं गोळा करा. दुसऱ्या तटाचं म्हणणं, बुकर गेला तर त्या टीमकडे बघणार कोण?

मला भावनेचं उत्तर नको, हिशेब हवाय. ड्राफ्टचे पिक, म्हणजे नवे खेळाडू निवडायच्या पाळ्या (वाईट टीमला वरची पाळी), नक्की कोणाकडे आहेत? बील खेळणार क्लिपर्सकडून आणि पैसे देणार फीनिक्स, तेही पाच वर्षं, हा कुठला सौदा? आणि ग्रीन, ब्रूक्स, मार्क विल्यम्स, मालुआच ही नव्या खेळाडूंची जमवाजमव कोर्टावर उभी राहील का? २०२४-२५ मध्ये एवढा पैसा ओतून ३६ विजय, ४६ पराभव, प्लेऑफआधीची प्ले-इन फेरीसुद्धा नाही. यंदा चार हंगामांतला चौथा कोच, जॉर्डन ऑट. म्हणजे वरच्या लोकांना तरी दिशा ठाऊक आहे का, हीच शंका.

---

हिशेबनीस_होटगीरोड

हरण्याचा फायदा ज्याच्याकडे पिक असतो त्याला. सन्सकडे तो नाही, त्यामुळे पहिल्या तटाचा बेत सुरू होण्याआधीच बसतो. क्रमाने बघा.

फेब्रुवारी २०२३. ड्युरँटसाठी ब्रुकलिनला मिकाल ब्रिजेस, कॅम जॉन्सन, जे क्राउडर आणि पहिल्या फेरीचे चार पिक दिले: २०२३, २०२५, २०२७, २०२९. कुठलंही संरक्षण (नंबर फार वर आला तर पिक आपल्याकडेच राहण्याची अट) न ठेवता. वर २०२८ चा स्वॅप. त्यातले बरेचसे हक्क ब्रुकलिनने जून २०२४ मध्ये ह्यूस्टनला दिले. जून २०२३ मध्ये बील आणताना वॉशिंग्टनला ख्रिस पॉल, लँड्री शॅमेट, दुसऱ्या फेरीचे ढीगभर पिक आणि पहिल्या फेरीचे स्वॅप गेले. जानेवारी २०२५ मध्ये उरलेला चांगला पिक, म्हणजे २०३१ चा, युटाला दिला आणि बदल्यात पहिल्या फेरीचेच पण शेवटाकडचे तीन पिक घेतले.

स्वॅपमध्ये समोरच्याला दोघांच्या पिकांतला वरचा घेण्याचा हक्क असतो. तुम्ही जितके वाईट खेळाल तितका त्याचा स्वॅप महाग. थोडक्यात, २०३१ पर्यंत एकाही वर्षी पहिल्या फेरीच्या स्वतःच्या पिकावर सन्सचा पूर्ण हक्क नाही. आपल्याकडे ऊसतोडीचा मुकादम पुढच्या हंगामाची उचल आधीच घेऊन बसतो ना, इथे पुढच्या सगळ्याच हंगामांची घेऊन झालीय.

आता हरण्याचं गणित. २०१९ पासून तळाच्या तीन टीमना पहिल्या नंबरची शक्यता प्रत्येकी १४ टक्केच असते, आणि सगळ्यात वाईट टीमसुद्धा पाचव्या नंबरापर्यंत घसरू शकते. यंदा युटाने १७-६५ केलं आणि पदरात पडला पाचवा. पहिला नंबर डॅलसला, शक्यता होती १.८ टक्के. स्वतःचा पिक असतानाही ही लॉटरीच. तो दुसऱ्याच्या नावावर असताना हरणं म्हणजे स्वतःच्या खर्चाने ह्यूस्टन, वॉशिंग्टन आणि युटाची सोय.

एक गंमत यात राहून जाते. ड्युरँटच्या ट्रेडमध्ये ह्यूस्टनकडून जो दहावा पिक आला आणि ज्यावर मालुआच घेतला, तो मुळात सन्सचाच. ३६-४६ करून त्यांनी जो नंबर ‘कमावला’ तो ब्रुकलिनमार्गे ह्यूस्टनला गेला होता. घरचाच माल परत आणायला ड्युरँट द्यावा लागला.

---

चादरवाला_सेंटर

बीलचं मी सांगतो, कारण यात लोक फक्त ‘१.९४ कोटी डॉलर फुकट’ एवढंच बघतात.

बीलचा करार २०२२ चा, पाच वर्षं, २५.१ कोटी डॉलर, आणि त्यात नो-ट्रेड क्लॉज. तो हो म्हणेपर्यंत त्याला कुठेही पाठवता येत नव्हतं. दोन वर्षांचे मिळून सुमारे ११.०८ कोटी बाकी होते: २०२५-२६ चे ५.३७ आणि २०२६-२७ चे ५.७१. स्ट्रेचचा, म्हणजे सोडलेल्या खेळाडूचे पैसे लांबवून द्यायचा, नियम असा की उरलेल्या वर्षांची दुप्पट अधिक एक. दोन वर्षं उरली तर पाच वर्षांत वाटून द्यायचं. ११.०८ भागिले ५ म्हणजे दरसाल २.२२ कोटी.

पण इथे दुसरा नियम आडवा येतो. अशा सोडून दिलेल्या खेळाडूंचा स्ट्रेच केलेला बोजा कुठल्याही वर्षी सॅलरी कॅपच्या (टीमच्या पगारांच्या मर्यादेच्या) १५ टक्क्यांवर जाता कामा नये. २०२५-२६ चा कॅप १५.४६ कोटी, त्याचे १५ टक्के २.३२ कोटी. सन्सच्या डोक्यावर आधीच नसीर लिटलचे ३१ लाख आणि ई. जे. लिडेलचे ७ लाखांच्या आसपास होते. २.२२ मध्ये ०.३८ मिळवा, २.६० होतात, म्हणजे नियमात बसत नाही. म्हणून बीलला सुमारे १.३९ कोटी सोडायला लावले. ११.०८ वजा १.३९ बरोबर ९.६९, भागिले ५ बरोबर १.९४. आता १.९४ अधिक ०.३८ किती होतात बघा. २.३२. अगदी काठावर आणून ठेवलंय. बायआउटचा (करार मोडताना द्यायच्या रकमेचा) आकडा वाटाघाटीत ‘जमला’ असं म्हणतात ते अर्धंच खरं, तो नियमाने ठरवून दिला होता.

मिळालं काय? २०२५-२६ च्या पगारखर्चाच्या रेषा (ओलांडल्या की दंड किंवा निर्बंध) अशा: लक्झरी टॅक्स १८.७९ कोटी, पहिला एप्रन १९.५९, दुसरा एप्रन २०.७८. मागच्या हंगामात सन्स दुसऱ्या एप्रनच्याही बरेच वर होते, नुसता टॅक्स १५ कोटी डॉलरच्या पुढे. आता ते टॅक्सच्या रेषेखाली आलेत.

मालकाचे पैसे वाचले हा भाग सोडा, ते त्याचं तो बघेल. टीम बांधणाऱ्याला दुसरा एप्रन आवळतो तो असा: दोन खेळाडूंचे पगार एकत्र करून एक मोठा खेळाडू आणता येत नाही, दिल्यापेक्षा जास्त पगार परत घेता येत नाही, ट्रेडमध्ये रोख रक्कम देता येत नाही, मिडलेव्हल एक्सेप्शन (कॅपच्या वर असतानाही खेळाडू घेण्याची सवलत) वापरता येत नाही. शिवाय सात वर्षांनंतरचा पहिल्या फेरीचा पिक गोठतो, म्हणजे ट्रेडमध्ये देता येत नाही. सन्सचा २०३२ चा असाच गोठलाय. पुढच्या चारपैकी दोन हंगामांत पुन्हा दुसऱ्या एप्रनवर गेले, तर तो पिक टीम कितीही वाईट खेळली तरी फेरीच्या शेवटी जातो. मागच्या हंगामात जिमी बटलर हवा होता तेव्हा गाडी नेमकी इथेच अडली. पगार एकत्र करता येईनात, आणि बुकर-ड्युरँट सोडले तर एकट्याने बटलरच्या पगाराला पुरेल असा पगार बीलचा, तर त्याच्याकडे नो-ट्रेड.

आता ग्रेसन ॲलन (१.६९ कोटी) आणि रॉइस ओनील (१.०१ कोटी) जोडून २.७ कोटींचा एखादा फॉरवर्ड मागता येतो. मागच्या वर्षी हे बोलायचीही सोय नव्हती.

तोटा तर आहेच. २०२९-३० पर्यंत दरवर्षी १.९४ कोटी कोर्टावर न उतरणाऱ्या माणसाला. आज ते कॅपच्या साडेबारा टक्के. कॅप दरवर्षी ७ टक्के वाढला असं धरलं तर शेवटच्या वर्षी साडेनऊच्या जवळ. नवा टीव्ही करार याच हंगामापासून सुरू होतोय, त्यामुळे कॅप वाढेल हा अंदाज वावगा नाही. मिलवॉकीने लिलार्डला असंच सोडलं, दरसाल सुमारे २.२५ कोटी, पण त्यांनी त्या जागेत लगेच माइल्स टर्नर आणला. सन्सना बदल्यात खेळाडू मिळाला नाही, हातपाय हलवायची मोकळीक मिळाली. ती वापरली नाही तर मात्र हा सौदा शुद्ध तोट्याचा.

---

टेंभुर्णी_टू_टेक्सास

तरीपण, हिशेबनीस साहेब, एक वाट आहे की. बुकर ह्यूस्टनलाच द्यायचा आणि स्वतःचे पिक परत आणायचे. पिक घरी आले की मग हरायला काय हरकत? पहिला तट एवढा वेडा नाहीये बे.

---

हिशेबनीस_होटगीरोड

वाट होती, पण ड्युरँट देण्याआधी. ह्यूस्टनला मोठा स्कोअरर हवा होता आणि सन्सचे पिक त्यांच्या खिशात होते. तेव्हा ‘ब्रूक्स ठेवा, आमचा २०२७ परत द्या’ असं अडून बसायला हवं होतं, माझं स्पष्ट मत. सन्सनी ग्रीन-ब्रूक्ससोबत दहावा पिक आणि दुसऱ्या फेरीचे पाच घेतले, २०२७ आणि २०२९ तिथेच राहिले. आता ह्यूस्टनला ड्युरँट मिळालाय, सन्सच्या पडतीवर त्यांची पैज लागलीय आणि घाई कसलीच नाही. शिवाय बुकरचा पगार ५.३१ कोटी. तो जुळवायला ह्यूस्टनला अर्धी टीम मोडावी लागेल.

त्यात जुलैमध्ये बुकरशी आणखी दोन वर्षांचा करार झालाय, सुमारे १४.५ कोटींचा, २०२९-३० पर्यंत. व्यवस्थापनाने आपला निर्णय सांगून टाकलाय. तो पटो न पटो, पुढचं बोलणं त्यावरच उभं करावं लागणार.

---

तिसरा_क्वार्टर

ओक्लाहोमाचं उदाहरण इथे लागूच होत नाही. त्यांनी २०१९ मध्ये पॉल जॉर्ज दिला तेव्हा क्लिपर्सकडून शे गिल्जस-अलेक्झांडर, पहिल्या फेरीचे पाच पिक आणि दोन स्वॅप घेतले, आणि स्वतःचे पिकही घरातच होते. म्हणून २२-५० आणि २४-५८ असे दोन हंगाम सोसले तेव्हा त्याचं फळ त्यांनाच मिळालं. चेट होल्मग्रेन स्वतःच्या हरण्यातून आला, जेलन विल्यम्स क्लिपर्सच्या पिकातून.

सन्सनी अभ्यासायची टीम म्हणजे २०१६ ते २०१९ ची ब्रुकलिन. २०१३ मध्ये गार्नेट आणि पिअर्ससाठी त्यांनी बॉस्टनला २०१४, २०१६, २०१८ चे पिक आणि २०१७ चा स्वॅप दिला होता. २०१६-१७ मध्ये २०-६२, लीगमध्ये सगळ्यात वाईट, आणि पहिला नंबर गेला बॉस्टनला. त्यातून बॉस्टनने जेसन टेटम उभा केला. त्याआधीच्या वर्षी जेलन ब्राउनही ब्रुकलिनच्याच पिकातून. यापेक्षा वाईट अवस्था काय असणार?

तिथून जनरल मॅनेजर शॉन मार्क्स आणि कोच केनी ॲटकिन्सन यांनी दोन वर्षांत ४२-४० करून प्लेऑफ गाठला. युक्त्या साध्या होत्या. दुसऱ्याला नकोसा झालेला करार अंगावर घ्यायचा आणि त्यासोबत तरुण खेळाडू मागायचा: लेकर्सच्या मॉझगॉव्हचा पगार घेतला, बरोबर डीअँजेलो रसेल आला. एनबीएच्या खालच्या जी लीगमधून माणूस उचलायचा: स्पेन्सर डिनविडी. कुणी सोडून दिलेला शूटर घेऊन त्याला मिनिटं द्यायची: जो हॅरिस. आणि पहिल्या फेरीच्या शेवटी नेम धरायचा: कॅरिस लव्हर्ट विसावा, जॅरेट ॲलन बाविसावा.

सन्सकडे या जातीची माणसं थोडीफार आहेत. रायन डन २०२४ चा अठ्ठाविसावा, ओसो इगोडारो चाळिसावा, राशीर फ्लेमिंग यंदाचा एकतिसावा, आणि टू-वे (एनबीए आणि जी लीग दोन्हीकडच्या) करारातून वर आलेला कॉलिन गिलेस्पी. यातले दोन जरी रोटेशनला (नियमित खेळणाऱ्यांत) टिकले तरी पिक नसण्याची झळ निम्मी होते. त्यासाठी त्यांना मिनिटं द्यावी लागतात. मागचा कोच बुडेनहोल्झरच्या हंगामात डन कधी सुरुवातीच्या पाचात तर कधी बाकावर, असंच चाललं. ॲटकिन्सनने पोरांना चुका करू दिल्या, फरक तिथे पडला.

---

सातरस्ता_पॉइंटगार्ड

पिक आणि पैशाचं समजलं, आभार. मग कोर्टावरचं कोणीतरी सांगा. गार्ड आणि सेंटर दिसतात, मधे कोण?

---

बाकावरचा_सहावा

मधे कोणी नाही, हेच दुखणं.

सेंटरला गर्दी: मार्क विल्यम्स, मालुआच, इगोडारो, निक रिचर्ड्स. गार्डला बुकर, ग्रीन, ॲलन, गिलेस्पी. चार नंबरला (पॉवर फॉरवर्डच्या जागी) नैसर्गिक उंचीचा आणि ताकदीचा माणूस म्हणाल तर नवखा फ्लेमिंग, सहा फूट नऊ इंच, हात मात्र सात फुटांच्या बरेच पुढे जाणारे. ब्रूक्स आणि ओनील दोघे सहा फूट सहाच्या आसपास, म्हणजे मुळात तीन नंबरचे (स्मॉल फॉरवर्ड). डन जरा उंच, पण त्याचा तीन गुणांचा शॉट भरवशाचा नाही. चार नंबरला डन लावला की समोरची टीम त्याला मोकळा सोडते, त्याचा माणूस बास्केटखालच्या रंगवलेल्या भागात जाऊन उभा राहतो आणि बुकरच्या पिक-अँड-रोलची (साथीदाराच्या आडोशाने बास्केटकडे जायच्या चालीची) वाट बुजते. ओनील लावला तर जागा मोकळी होते, पण डिफेन्सिव्ह रिबाउंड जातो. मागच्या वर्षी याच दोन टोकांत गाडी हेलकावे खात होती.

ग्रीन आणि बुकर या जोडीबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. ग्रीनने मागच्या हंगामात ८२ पैकी ८२ सामने खेळून सरासरी २१ गुण केले, हे कौतुकाचं. पण वॉरियर्सविरुद्धच्या प्लेऑफमध्ये दुसऱ्या सामन्यात ३८ आणि सातही सामन्यांची सरासरी १३.३. समोरच्यांनी ट्रॅप लावला, म्हणजे दोघांनी घेरलं, की दुसरा पास कुठे द्यायचा हे त्याला अजून उमगत नाही. बुकरला पॉइंट गार्ड करून ग्रीनला चेंडूशिवाय पळवायचं ठरवलं तर निभेल. दोघे आळीपाळीने चेंडू थोपटत बसले तर बाकीचे तिघे प्रेक्षक.

विल्यम्सवर मात्र पैज लावावी असा मी. ४४ सामन्यांत १५.३ गुण आणि १०.२ रिबाउंड, तीन हंगामांनंतरही रुकी (नवख्याच्या) करारावरच, पगार फक्त ६३ लाखांच्या आसपास. धोका तब्येतीचा: तीन हंगामांत मिळून १०६ सामने. फेब्रुवारीत लेकर्सनी त्याचा ट्रेड वैद्यकीय तपासणीनंतर रद्द केला होता. म्हणून हंगाम सुरू व्हायच्या आत त्याच्याशी मोठा करार करण्याची घाई नको. तसंच ठेवलं तर २०२६ च्या उन्हाळ्यात तो रिस्ट्रिक्टेड फ्री एजंट होतो, दुसऱ्या कोणाचीही ऑफर आली तरी ती जुळवण्याचा हक्क सन्सकडे. आधी ६० सामने अंगावर काढतो का ते बघा. मालुआच तोवर शिकेल, त्याच्यावर आत्ताच ओझं टाकू नका.

---

चादरवाला_सेंटर

बाकावरच्याला दुजोरा, एक दुरुस्ती. ॲलन-ओनील जोडून चार नंबर आणायचा तर दोघांचे करार लांब आहेत, समोरचा सहज हो म्हणणार नाही. ब्रूक्सचा करार २०२६-२७ ला संपतो आणि पगारही उतरता आहे. डिफेन्स हवा असलेली टीम फेब्रुवारीत त्यालाच आधी मागेल. त्याच्या बदल्यात पिक मिळत असेल तर द्यावा, नुसता म्हातारा फॉरवर्ड मिळत असेल तर देऊ नये.

आणि टॅक्सच्या रेषेखाली राहण्यात एक खुबी आहे. रेषा ओलांडली की नाही हे हंगामाच्या शेवटी मोजतात. त्यामुळे गड्डा यात्रा उठल्यावर, फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात ट्रेडची मुदत संपते तेव्हा पाच-दहा लाख डॉलरवरून छोट्या खेळाडूंची उगाचच वाटणारी देवाणघेवाण दिसेल. तेव्हा ‘हा काय ट्रेड झाला?’ म्हणून ग्रुपवर हसू नका, ते रेषा सांभाळत असतील.

---

सातरस्ता_पॉइंटगार्ड

मग पहिल्या वीस सामन्यांत नेमकं काय बघायचं, म्हणजे दोन्ही तटांना दाखवता येईल?

---

बाकावरचा_सहावा

चार गोष्टी. बुकर कोर्टावर असताना ग्रीन चेंडूशिवाय कट मारतो की कोपऱ्यात उभा राहतो. बुकर बाकावर असताना, दुसऱ्या आणि चौथ्या क्वार्टरच्या सुरुवातीला, चेंडू कोणाच्या हातात असतो. तिथे गिलेस्पी दिसला तर ऑटचं डोकं ताळ्यावर आहे. विल्यम्सला सलग दोन रात्री खेळवतात की एक सामना विश्रांती देतात. आणि डनला चुकल्यावर लगेच बाहेर काढतात का.

वीसपैकी नऊ-दहा जिंकले तर फेब्रुवारीत थोडी डागडुजी, आणि खुशाल प्ले-इनच्या मागे लागा. पिक गेलेलाच आहे, तर जिंकण्यात नुकसान काही नाही. पाच-सहावर अडकले तरी बुकर विकायचा नाही. ॲलन, ओनील, ब्रूक्स यांच्यापैकी ज्याला भाव येईल त्याचे पिक करायचे आणि ती मिनिटं फ्लेमिंग, डन, मालुआचला द्यायची.

बघण्याची वेळही सोयीची. ॲरिझोनात घड्याळ पुढेमागे करत नाहीत, त्यामुळे तिथले संध्याकाळचे ७ म्हणजे आपले सकाळचे ७:३०, बारा महिने. इतर ठिकाणचे सामने नोव्हेंबरात एक तास उशिरा सरकतात, फीनिक्सचे घरचे नाहीत. सकाळचा खेळ सातला आटपा, सगळ्यांना जमेल.